ट्रायलकाकांची दहावी

ट्रायलकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर शेजारच्या झाडाची फांदी आली होती आणि ती नेमकी किती छाटावी हे काकांचं अजून ठरत नव्हतं. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना ट्रायलकाका म्हणायची. पाठीमागे म्हणायची आणि तोंडावरही म्हणायची. काकांना त्यात टोमणा दिसत नसे, उलट कुणीतरी किताब दिल्यासारखे ते खूश होत.

दुकान जिन्याखाली होतं. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागे आणि माप देताना वाकवलेलीच ठेवावी लागे. दाराशी उजेडात एक मशीन, आत दुसरं, मधे कापायचं टेबल आणि भिंतीला टेकून गिऱ्हाइकांसाठी एक बाक. बाक फार कामाचा होता, कारण काकांच्या गिऱ्हाइकाला बसावं फार लागे. काकांची पद्धतच तशी होती. माप घ्यायचं, कापड कापायचं आणि मग मोठमोठ्या पांढऱ्या टाक्यांनी ते नुसतं जोडून ठेवायचं. ही कच्ची शिलाई. मग गिऱ्हाइकाला बोलावून ते त्याच्या अंगावर चढवायचं, मागे सरून एक डोळा मिटून बघायचं, खडूनं खुणा करायच्या, टाके उसवायचे, पुन्हा जोडायचं आणि पुन्हा बोलवायचं. ही ट्रायल. कोटाला सगळेच टेलर ट्रायल घेतात. काका पायजम्यालाही घेत. एका सभ्य गृहस्थाला त्यांनी उशीच्या खोळीच्या ट्रायलला बोलावलं होतं, येताना उशी घेऊन या म्हणून.

"एकदा पक्की टीप मारली की मारली," काका म्हणत. "मग माणूस रडला तरी उपयोग नाही. काय बघायचं ते कच्च्यात बघून घ्यावं."

या धोरणापायी एक नवरदेव स्वतःच्या लग्नात पांढऱ्या टाक्यांचा कोट घालून उभा राहिला. फोटोत ते टाके स्पष्ट दिसतात. लग्न लागल्यावर काका त्याला भेटायला गेले ते शुभेच्छा द्यायला नव्हे, तर दुसऱ्या ट्रायलला कधी येता हे विचारायला.

दुकानात काकूही असत. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांचे रागलोभ ही त्यांची खाती. त्यातल्या शेवटच्या खात्यात काम सर्वांत जास्त होतं. कात्रीला मात्र त्यांनी हात लावायचा नाही असा दुकानाचा शिरस्ता होता. कापणं म्हणजे काका.

पुढे गल्लीच्या तोंडाशी तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं. लोक आत जात, घालून बघत, आवडलं की घेऊन बाहेर पडत.

"ही पण ट्रायलच झाली की," काकू म्हणाल्या. "फक्त तिथे ती एकदाच द्यावी लागते."

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण बाकावरची गर्दी रोडावत चालली होती आणि त्याच सुमारास त्यांचे डोळेही कुरकुर करू लागले. सुईत दोरा ओवायला ते दारात जाऊन उभे राहत, आणि तरी दोरा सुईच्या शेजारून निघून जाई. साठी अजून दूर होती. एवढी वर्षं काढायची कशी, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता आणि दोघंही तो एकमेकांना विचारत नव्हती.

त्याचं उत्तर घेऊन आल्या त्या हॉस्पिटलच्या सिस्टर. गल्लीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात शिवणखाना होता आणि त्या त्याच्या प्रमुख होत्या. आल्या होत्या एप्रनचा खिसा लावून घ्यायला. खिशाच्या दुसऱ्या ट्रायलच्या वेळी बाकावर बसल्या बसल्या त्यांनी सहज सांगितलं की शिवणखान्याचा टेलर वर्षअखेरीला निवृत्त होतोय आणि जागा कायमची आहे.

"काय काय शिवावं लागतं?" काकांनी विचारलं.

"पेशंटचे गाऊन. चादरी, पडदे, ऑपरेशनच्या टोप्या."

"गाऊनची मापं?"

"एकच माप. मागे नाड्या. ज्याला जसा बसेल तसा."

काकांच्या हातातला खडू थांबला. सगळं एकाच मापाचं. गिऱ्हाईक आडवं पडलेलं. आणि त्याच्या डोक्यात शिवणीपेक्षा कितीतरी मोठ्या काळज्या. कुणी येऊन 'झालं का, झालं का' विचारणार नाही. शिवाय सिस्टर सांगत होत्या, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड आणि मशीनला मोटर. त्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांना ती खोली दिसलीसुद्धा.

"तुमच्यासारखा हात मला हवाच आहे," सिस्टर म्हणाल्या. "वेळेचं आपण बघून घेऊ. फक्त दहावीचा दाखला लागेल. तो नसेल तर माझे हात बांधलेले."

काकांचा चेहरा उतरला. आठवीत असताना वडिलांच्या हाताला कंप सुटला, आणि 'थोडे दिवस बस' म्हणून काकांना मशीनवर बसवलं. दप्तर त्यांनी कित्येक दिवस भरून ठेवलं होतं. शाळा आपण कच्च्या टाक्यांनी सोडलीय, कधीही पुन्हा जोडता येईल, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. मग दप्तरात बटणं ठेवायला लागले.

"मोठ्यांना देता येते हो परीक्षा," सिस्टर म्हणाल्या. "दहावीच्या तोडीची. संध्याकाळचे वर्ग असतात. वर्षअखेरीपर्यंत दाखला आणा, जागा तुमची. नाही आणलात तर मला जाहिरात द्यावी लागेल आणि मग तरुण पोरं रांग लावतील."

"आणतील," काकू आतून म्हणाल्या. त्यांनी हे काकांना विचारून म्हटलेलं नव्हतं.

वर्ग भरायचे लहान मुलांच्या शाळेत. बाक एवढे बुटके की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागत. वर्गात एक रखवालदार होता, तो पहिल्या बाकावर बसून झोपायचा. कामाच्या ठिकाणी झोपता येत नाही अशी त्याची तक्रार होती. दोन स्वयंपाकिणी होत्या, त्या मधल्या बाकावर बसून सगळ्यांना दुरुस्त करायच्या. शिकवायला एक मॅडम होत्या, काकांची मुलगी शोभावी एवढ्या वयाच्या. पण त्यांचा आवाज असा खणखणीत होता की रखवालदार दचकून जागा होई आणि सलाम ठोकी.

मॅडमना काका आवडले. अक्षर टपोरं, ओळी सरळ, समास पट्टीनं आखलेला. फक्त सगळं पेन्सिलीनं, तेही इतक्या हलक्या हातानं की वही उजेडाकडे तिरकी धरावी लागे.

"काका, पेनानं लिहा ना."

"लिहितो की. आधी कच्चं होऊ द्या, मग पक्कं करतो."

मॅडमना वाटलं, हे अभ्यासाबद्दल बोलतायत. त्यांनी मान डोलावली आणि तिथेच सगळं बिघडलं.

बाकीच्या विषयांत काकांना फारसं अडलं नाही. इतिहास त्यांना गोष्टीसारखा वाटे. विज्ञानात त्यांनी कापसाच्या धाग्याबद्दल एवढं लिहिलं की मॅडमनी 'पुरे' असा शेरा मारला. पण जिथे माप आलं तिथे काकांमधला टेलर जागा होई. एका शेताला तारेचं कुंपण घालायचं होतं. लांबी-रुंदी दिलेली, तार किती लागेल ते सांगायचं. काकांनी बेरीज बरोबर केली आणि दोन्ही टोकांना थोडी जास्तीची तार धरली.

"ही जादा कुठून आली?" मॅडमनी विचारलं.

"मार्जिन. दुमडायला नको?"

"काका, तार आहे ती!"

"तारही आखडत असेल की मॅडम, पावसात भिजल्यावर."

परीक्षेला काका नेहमीच्या वेशात गेले. नेहमीच्या म्हणजे गळ्यात टेप. टेप त्यांच्या गळ्यात इतकी वर्षं होती की ती आपल्या गळ्यात आहे हे त्यांना सांगावं लागे. आधीच्या पेपरांना कुणी हरकत घेतली नाही. गणिताच्या पेपरला मात्र पर्यवेक्षकांनी बोट दाखवलं.

"हे काय?"

"काय?"

"गळ्यात. आकडे लिहिलेत त्याच्यावर."

"साहेब, टेप आहे. आकडे असणारच."

"गणिताच्या पेपरला आकडे लिहिलेलं काहीही आत न्यायचं नाही."

टेप टेबलावर गुंडाळून ठेवली गेली. काकांना उघडं पडल्यासारखं झालं. तरी त्यांनी पेपर हातात घेतला, आणि बघतात तर काय, सगळं येत होतं! काका खुशीत आले. बाकीच्या विषयांत माप नव्हतं, त्यामुळे तिथे त्यांनी पेनानं धडाधड लिहून टाकलं होतं. पण इथे मापच माप. आणि जिथे माप तिथे ट्रायल. त्यांनी पेन्सिल काढली आणि हलक्या हातानं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी गणितं कच्ची जोडून घेतली. मग मागे सरून, एक डोळा मिटून, सगळ्यांवरून एक नजर फिरवली. तिसऱ्याची बाही थोडी ओढत होती, ती सैल केली. सातवं उसवून पुन्हा जोडलं. मग समाधानानं पेन उघडलं आणि पक्की टीप मारायला घेतली. दोन गणितं झाली, आणि घंटा वाजली.

"अहो, थांबा!" काकांनी पेपर धरून ठेवला. "हे सगळं कच्चं आहे!"

"मग कच्चंच जाईल," पर्यवेक्षक म्हणाले आणि त्यांनी पेपर ओढून घेतला.

निकाल लागला. बाकीच्या सगळ्या विषयांत काका पास होते, गणितात सपशेल आडवे. पेन्सिलीचं उत्तर तपासायचं नाही असा नियमच होता. जे काही मार्क पडले ते पेनातल्या दोन गणितांना आणि भूमितीच्या आकृत्यांना, कारण आकृत्या तेवढ्या पेन्सिलीनं काढायच्या असतात.

"आकृत्यांना पैकीच्या पैकी आहेत," काका म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळं येत होतं ना तुम्हाला?"

"सगळं."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं गं. फक्त पक्कं केलं नव्हतं."

काकूंनी निकालाचा कागद घडी घालून बटणांच्या डब्यात ठेवला.

फेरपरीक्षा वर्षअखेरीच्या आधी होती. म्हणजे संधी एकच उरली होती. सिस्टरांनी निरोप पाठवला की तोवर त्या थांबतील, त्यानंतर एक दिवसही नाही. मॅडमनी काकांची पेन्सिल काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. काकांनी कानामागे दुसरी ठेवली होती, तीही घेतली. मग समोर एक साधं गणित ठेवलं आणि हातात पेन दिलं.

काकांचं पेन कागदाच्या वर येऊन थांबलं ते थांबलंच. उत्तर तोंडात तयार होतं. मॅडमनी विचारलं तर त्यांनी ते म्हणूनही दाखवलं. पण शाई कागदाला लागली की लागली, या विचारानं हात पुढे सरकेना. पेनच्या टोकाशी शाईचा थेंब जमला आणि टपकन पडला. त्या दिवशी काकांनी कागदावर एवढंच केलं.

तेव्हा काकूंनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं.

दुकानात काम तुंबलं होतं. काका अभ्यासाला बसत म्हणून कापायला कुणी नव्हतं, आणि जी काही गिऱ्हाइकं शिल्लक होती ती बाकावर बसून घड्याळाकडे बघत. एके दिवशी दुपारी काकूंनी काकांना बाकावर बसवलं, गुडघ्यावर पाटी ठेवून त्यावर कागद ठेवला, आणि स्वतः टेबलापाशी जाऊन कात्री उचलली.

"अगं, काय करतेस?"

"पँट कापतेय."

"तुला येते?"

"इतकी वर्षं बघतेय. येत असेल. मला तरी कुठे ठाऊक?" "हे बघा. तुम्हाला पेनाची भीती, मला कात्रीची. तुम्ही एक गणित पेनानं लिहा, मी एक कपडा कापते. तुम्ही थांबलात तर मीही थांबेन. मग गिऱ्हाइकाला अर्धवट कापलेली पँट तुम्ही द्यायची."

"पण खडूनं खुणा तरी नीट कर! टाके घाल, ट्रायल घे!"

"टाके नाहीत. लिहा तुम्ही."

कात्री कापडात शिरली तसे काका बाकावरून अर्धे उठले. "इकडे वळव, वळव! जांघेपाशी जपून!" ते ओरडले. काकू थांबल्या. कात्री अर्ध्यात उघडी. त्यांनी काकांच्या कागदाकडे बघितलं. कागद कोरा होता.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी आहे तिथेच उभी आहे."

चांगलं कापड कात्रीत अडकलेलं बघणं काकांना सोसेना. त्यांनी डोळे मिटून पेन टेकवलं आणि पहिली ओळ लिहिली. कात्री एक वीत पुढे गेली. दुसरी ओळ, आणखी एक वीत. काकांनी गणित संपवलं तेव्हा पँटचा एक पाय टेबलावर वेगळा झाला होता. दोघांनाही धाप लागली होती आणि दोघंही एकमेकांकडे बघून वेड्यासारखी हसत होती.

त्या पँटचा मालक ट्रायलला म्हणून आला. काकूंनी घडी घातलेली पँट त्याच्या हातात ठेवली.

"ट्रायलची ना?"

"नाही. झाली."

"झाली म्हणजे?"

"म्हणजे शिवून झाली. घालून जा."

त्याचा विश्वास बसेना. तो पँट घालून गेला आणि काहीतरी राहिलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बाकावर बसला. सवयीचा परिणाम.

सगळंच काही छान झालं नाही. पहिल्या शर्टची कॉलर काकूंनी अशी लावली की घालणारा कायम डावीकडे कुणाला तरी शोधतोय असं वाटे. काकांच्या कागदावरही चुकांचं रान माजलं. पण काकू कॉलर उसवून पुन्हा लावत आणि पुढच्या शर्टला हात घालत, आणि काका चुकलेल्या ओळीवर रेघ मारून पुढची ओळ लिहीत. पहिली रेघ मारताना त्यांना कुणाच्या तरी नव्या कोटावर शाई सांडल्यासारखं झालं. नंतर नंतर तेही वाटेनासं झालं.

झालं काय, की कपडे वेळेवर मिळतात ही बातमी गल्लीत पसरली. आधी कुणी खरी मानली नाही. मग लोक खात्री करायला येऊ लागले आणि येताना कापड घेऊन येऊ लागले. बाक पुन्हा भरला. गिऱ्हाईक दारातून डोकं आत घालून विचारी, "काकू आहेत का?" आणि आत एकटे काका दिसले की म्हणे, "असू द्या, नंतर येतो."

काकांनी आधी हे हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी काकू बाहेर गेल्या असताना त्यांनी स्वतःच एक शर्ट कापायला घेतला. बाकावर शर्टाचा मालक बसला होता. काकांच्या हातात पांढरा दोरा दिसताच त्याचा चेहरा पडला, आणि काकांनी तो पडताना बघितला. काकू आल्या. त्यांनी काकांच्या हातातून शर्ट अगदी हळू काढून घेतला.

"तुम्ही अभ्यास करा ना," त्या म्हणाल्या. काकूंच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं. चांगल्या मनानंच त्या म्हणाल्या.

काका बाकावर जाऊन बसले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की नापास झालो तर झालो, आपलं दुकान आहे. आता त्यांच्या लक्षात आलं की दुकानाला आपण नकोय. वडिलांनी बसवलेल्या मशीनवर आता बायको बसली होती आणि ती आपल्याहून बरं चालवत होती. त्यांना तिचा राग आला नाही. अभिमानच वाटला, आणि त्या अभिमानाच्या शेजारीच भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. हॉस्पिटलची जागा हुकली तर या वयात बसायचं कुठे? गिऱ्हाइकांच्या बाकावर?

त्या दिवसापासून काकूंना 'लिहा' म्हणावं लागलं नाही.

फेरपरीक्षेला काका टेप घरी ठेवून गेले. काकूंनी दारातच ती गळ्यातून काढून घेतली. पर्यवेक्षक तेच होते. त्यांच्या कोटाच्या बाह्या इतक्या लांब होत्या की पेपर वाटताना फक्त बोटांची टोकं दिसत. काकांची नजर त्या बाह्यांवरून हलेना. मग त्यांनी स्वतःला मनातल्या मनात दम भरला आणि मान खाली घातली.

पहिलंच गणित अर्ध्यावर बिनसलं. काकांचा हात आपोआप कानामागे गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच खाली आणून त्यांनी चुकलेल्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि खाली पुन्हा सुरुवात केली. मग ते थांबले नाहीत. दोन गणितं मुळीच येत नव्हती, ती त्यांनी सोडून दिली. हेही नवीनच होतं, कारण काकांनी आयुष्यात कुठला कपडा सोडून दिला नव्हता. शेवटी पाण्याच्या टाकीचं झाकण किती मोठं हे विचारलं होतं. काकांनी लिहिलं, आणि मग बघतात तर झाकणाला चारी बाजूंनी मार्जिन सोडलेलं. ते खुदकन हसले आणि मार्जिन खोडलं.

घंटा वाजायच्या आधीच पेपर संपला होता. वेळ उरणं म्हणजे काय हे काकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांनी तो पर्यवेक्षकांच्या बाह्यांत घालवला. पेपर देताना अखेर राहवलं नाही.

"साहेब, बाह्या दोन बोटं आत घ्यायला सांगा."

"कुणाला?"

"आमच्या हिला. लगेच देते."

निकालाची वाट बघण्याचे दिवस काकांनी काजं-बटणं करण्यात काढले. सुईत दोरा काकू ओवून देत. गिऱ्हाइकांचे रागलोभ हे खातंही काकांकडे आलं होतं, पण त्यात आता काही काम उरलं नव्हतं. कुणी रागवतच नव्हतं. वर्ष संपत आलं. सिस्टर एकदा दुकानासमोरून गेल्या, आत बघून काही न विचारता गेल्या, आणि काकांनी हातातल्या शर्टाला बटणं उलट्या बाजूला लावली.

निकाल सांगायला मॅडम स्वतः आल्या. दारातून आत शिरताना वाकायचं राहिलं आणि जिना दाणकन डोक्याला लागला. डोकं चोळत चोळतच त्या म्हणाल्या, "पास! काका, पास!"

"किती?" काकूंनी विचारलं.

"लागतात त्याहून एक जास्त."

"एक?" काकू म्हणाल्या.

"मार्जिन," काका म्हणाले. बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवल्या. रखवालदारही पास झाला होता असं मॅडमनी सांगितलं, तो कसा हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

सिस्टरांनी दाखला दोनदा वाचला, एक प्रत ठेवून घेतली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी हजर व्हायला सांगितलं. शिवणखाना त्यांनी दाखवला. खिडक्या खरोखरच मोठ्या होत्या.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी काका लवकर उठले, दाढी केली आणि नेहमीचा विटका शर्ट अंगावर चढवू लागले. काकूंनी तो काढायला लावला. कपाटातून त्यांनी एक नवा शर्ट आणला, फिक्या निळ्या रंगाचा, इस्त्री केलेला.

"हा कधी शिवलास?"

"तुम्ही पेपरला गेला होतात तेव्हा."

"आणि माप?"

काकूंनी शर्ट काकांच्या खांद्यावर टाकला. काकांनी बाह्यांत हात घातले, बटणं लावली आणि आरशासमोर उभे राहून लगेच चूक शोधायला लागले. तो त्यांचा धर्मच होता. कॉलर ओढून बघितली. हात वर केले, खाली केले, पुढे वाकले. बाही मनगटाच्या हाडावर जिथे संपायला हवी तिथेच संपत होती. मग त्यांनी खांदे बघितले, आणि त्यांचं शोधणं थांबलं. कापायच्या टेबलावर वाकून वाकून त्यांचा उजवा खांदा डाव्याहून जरा खाली आला होता. हे त्यांना ठाऊक होतं, पण किती ते ठाऊक नव्हतं. टेलरला सगळ्या जगाचं माप घेता येतं, फक्त स्वतःचं घेता येत नाही. आयुष्यभर त्यांचे स्वतःचे शर्ट उजवीकडे चोळामोळा व्हायचे. हा झाला नव्हता. काकूंनी तो खांदा जेवढा उतरला होता तेवढाच उतरवून कापला होता, ना कमी ना जास्त.

काकांनी आरशातूनच काकूंकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"ट्रायल नाही घेतलीस," ते म्हणाले.

"लागली असती का?"

"नाही," काका म्हणाले.